सोवळ्यातली फडकी

पद्मनाभराव विमा कंपनीतून निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांत त्यांना पृथ्वीची काळजी लागली. तोवर पृथ्वीचं त्यांच्यावाचून कसंबसं चाललं होतं. एका रविवारी इंग्रजी पेपरातला जंगलतोडीवरचा लांबलचक लेख त्यांनी कॉफीबरोबर वाचला, दुसरी कॉफी मागून पुन्हा वाचला, आणि त्याच संध्याकाळी मद्रासमधल्या पश्चिम मांबळमच्या त्या गल्लीत पर्यावरण संघ स्थापन झाला. अध्यक्ष कोण, हा प्रश्न कुणी काढलाच नाही. खुर्च्या त्यांच्याच ओसरीवर मांडल्या होत्या.

त्यांच्या बायकोला, अंबुजाला, संघाची खबर लागली ती कॉफीमुळे. सभा म्हटली की पेले आले, दूध आलं, आणि सभासद गेले की विसळायची रास आली. संघाचं ब्रीद पद्मनाभरावांनी स्वतः रचलं होतं: वापरा, धुवा, पुन्हा वापरा. कागदी रुमाल, स्पंज, एकदा वापरून फेकायच्या वस्तू, सगळ्यांना गल्लीबंदी. घर पुसायचं ते जुन्या कपड्याने, भांडी घासायची ती नारळाच्या काथ्याने. ब्रीदातल्या तीन आज्ञांपैकी पहिली आणि तिसरी पाळायला अध्यक्ष एका पायावर तयार असत. मधली तेवढी अंबुजाकडे होती.

तसं पाहिलं तर हे तत्त्वज्ञान त्या घरात नवं नव्हतं. पद्मनाभरावांची वेष्टी, म्हणजे आपलं धोतर, विरलं की त्याची फडकी होत आणि पार चिंधड्या होईपर्यंत राबत. पण हे तंजावरकडचं मराठी घर. पूर्वज राजांच्या मागोमाग दक्षिणेत आले तेव्हा सोवळं बरोबर घेऊन आले. इथे त्याचं नाव 'मडी' पडलं आणि तमिळ शेजाऱ्यांशी चढाओढ करता करता ते दुप्पट कडक झालं. त्यामुळे त्या घरात फडकं म्हणजे नुसतं फडकं नव्हे. देवघराचं वेगळं. स्वयंपाकाच्या ओट्याचं वेगळं. जेवणाची पानं उचलली की खाली जी जागा उष्टी होते ती पुसायचं वेगळं, आणि त्याचा विटाळ सर्वांत मोठा. शिवाय भुईचं, मोरीचं आणि उंबऱ्याबाहेरचं. माणसांत जी उतरंड असते तीच फडक्यांतही होती, आणि वरच्याने खालच्याला शिवायचं नाही, हा नियमही तोच.

धुणंही त्याच मानापानाने. प्रत्येकाचं पाणी वेगळं. देवाचं आधी, तेही अंघोळ करून ओलेत्याने धुवायचं, आणि छताला टांगलेल्या बांबूच्या दांडीवर काठीने चढवायचं, म्हणजे बिनअंघोळीच्या कुणाचा हात पोचायला नको. उष्ट्याचं मागच्या तारेवर, एकटं. मधे कुठे शिंतोडा उडाला की पुन्हा अंघोळ आणि पुन्हा पहिल्यापासून. सगळी फडकी एकाच वेष्टीची लेकरं, धुऊन धुऊन एकाच मळकट रंगावर आलेली. कोणतं कुठलं, हे फक्त अंबुजाच्या बोटांना कळायचं.

त्र्याण्णवच्या त्या उन्हाळ्यात मद्रासमध्ये पाणी लॉरीने येत होतं. मागचा आड कोरडा पडला होता आणि नळ शोभेपुरता उरला होता. रंगीबेरंगी प्लास्टिकच्या घागरी रांगेत लावायच्या, दोन बायकांशी भांडायचं, कमरेवर पाणी वाहून आणायचं, आणि त्यातलं निम्मं फडक्यांची जात सांभाळण्यात ओतायचं. हे सगळं उरकून अंबुजा भिंतीला पाठ टेकायची तेव्हा अकरा वाजून गेलेले असत. साबणाने आणि ब्लीचिंग पावडरने तिच्या बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या. सांबारात चिंच कोळताना त्या झोंबत.

"पुनर्वापर आपल्या रक्तातच आहे," असं पद्मनाभराव सभेत सांगत. रक्त कुणाचं, ते सांगत नसत.

मे महिन्यात अलकनंदा आली. ही अंबुजाची लहानपणची मैत्रीण. दोघी हिंदीच्या परीक्षांना एकत्र बसलेल्या, एकाच पुस्तकातून शिकलेल्या. पुढे अलकनंदा अशोक नगरच्या एका खासगी शाळेची मुख्याध्यापिका झाली आणि अंबुजा पद्मनाभरावांची बायको झाली. मार्क मात्र अंबुजाचे जास्त होते, हे दोघींनाही आठवत होतं.

"आमची हिंदी टीचर लग्न करून मैसूरला जातें," अलकनंदा म्हणाली. "जूनपासून तूं ये, अंबुजा. सहावी ते आठवी. साडेआठला शाळा भरतें."

"मी? इतक्या वर्षांनी?"

"कसाला घाबरतेंस? मला व्याकरण कोण शिकविलें? तूंच की. सेरी, बरं तर, आठ दिवसांत सांग. नाहीतर दुसरी कोणी पाहतें मी."

अलकनंदा गेली आणि अंबुजा तशीच चटईवर बसून राहिली. तिला ती नोकरी हवी होती. इतकी हवी होती की तिची तिलाच लाज वाटली. मूल होण्यापूर्वी, झाल्यावर, सासूबाई असताना, गेल्यावर, प्रत्येक वेळी 'आता नको, पुढे पाहू' म्हणून बाजूला ठेवलेली ती एक गोष्ट. आता पन्नाशीला टेकताना ती आपल्या पायांनी दारात आली होती, आणि पुन्हा येणार नव्हती.

पद्मनाभरावांनी परवानगी देताना एक क्षणही लावला नाही. "जा की! मी कधी कोणाला अडविलों? आपण काय जुन्या काळचीं माणसं? घरचं काम आटपून खुशाल जा."

अकराला आटपणारं घर आटपून साडेआठच्या शाळेत कसं पोचायचं, हे सांगण्याइतका वेळ त्यांच्याजवळ नव्हता. त्यांना नारळाच्या काथ्यावर बोलायला पुढच्या गल्लीत जायचं होतं.

वाट काढली ती मुलीने. सुनीती अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत एका लहान कारखान्यात हिशेब बघायची. तिथे हॉटेलांसाठी पुसायच्या कागदाचे रोल बनत. वाकडे कापले गेलेले, दुमडलेले रोल विकायला जात नसत. ते मागच्या अंगणात साठत आणि शनिवारी जाळले जात. एका शनिवारी सुनीतीने त्यातले चार-पाच पिशवीत घातले आणि घरी आईपुढे ठेवले.

"अम्मा, हें घे. पुस आणि फेक. धुणं नाहीं, वाळविणं नाहीं. आणि मडीचं म्हणशील तर यापेक्षा मडी काय असणार? प्रत्येक वेळीं कोरा करकरीत. कोणाला शिवलाच नाहीं."

अंबुजाने कागद बोटांत चोळून पाहिला. मुलीचं बोलणं शास्त्राला धरून होतं. जे पुन्हा वापरायचंच नाही ते बाटणार कसं? तिने रोल तांदळाच्या डब्यामागे लपवले आणि दुसऱ्या दिवशी, नवरा देवघरात असताना, पहिला तुकडा फाडला. ओटा पुसला. फेकला. पानं उचलल्यावर जागा पुसली. फेकला. मोरीकाठ पुसला. फेकला. घड्याळात आठही वाजले नव्हते, आणि करायला काही उरलं नव्हतं. ती ओल्या पदराने हात पुसत मधल्या दारात नुसती उभी राहिली आणि तिला हसू फुटलं. त्या आठवड्यात पेरांच्या चिरा मिटू लागल्या. तिने जुनं हिंदी व्याकरण काढून झटकलं आणि अलकनंदाला होकार कळवला.

गुपित बाहेर आलं ते गाईमुळे. गल्लीच्या तोंडाशी कचऱ्याची कुंडी होती आणि त्या कुंडीवर एक गाय पोसलेली होती. पद्मनाभराव पाठीमागच्या घरातल्या मुदलियारांना घेऊन तिथे उभे राहिले होते. त्यांना कुंडीकडे बोट दाखवून बोलायला आवडायचं. "हे पाहा," ते तमिळमध्ये म्हणाले, "कोणत्या तरी बेशरम घरातून कागद आलाय! एक झाड तोडायचं, त्याने सांबार पुसायचं, आणि ते गोमातेच्या पोटात घालायचं! कोण असेल हा नराधम?"

मुदलियार जुने पोस्टमास्तर. पत्ता शोधायची सवय सुटलेली नव्हती. "सर," ते नम्रपणे म्हणाले, "तुमच्याच घरातून निघताना पाहिलं मी. रोज बघतो."

गाय सावकाश चावत राहिली.

त्या दुपारी घरात जे झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही, कारण बोलत एकटेच होते. झाड, गाय, देव, आपलं घराणं आणि अध्यक्षपद, सगळ्यांचा अपमान एकाच कागदाने कसा झाला हे पद्मनाभरावांनी पायरी पायरीने समजावलं. संध्याकाळी सुनीती आल्यावर तिने तोंड घातलं.

"अप्पा, ते रोल जळणारच होते. आम्हीं आणले म्हणून झाड तुटलें नाहीं. आणि फडक्यांना रोज किती घागरी पाणी लागतें? तें पर्यावरणांत येत नाहीं?"

"तत्त्व म्हणून कांहीं असतें, सुनीती."

"तत्त्व धुतें कोण?"

"पोदुम!" पद्मनाभराव म्हणाले. तमिळमध्ये हे 'पुरे' म्हणून संपवायचं असतं, आणि त्यांनी संपवलं. "या घरांत कागद येणार नाहीं. फडकी धुवायला काय लागतें? अर्धा तास! माझी आई धूत होती, आजी धूत होती. कोणी मेलें नाहीं."

दुसऱ्या दिवशी पहाटे अंबुजा पुन्हा मागच्या दगडावर बसली, देवाचं फडकं पहिलं घेतलं, आणि चिरांत साबण गेला तशी तिच्या डोळ्यांत पाणी आलं. शाळा भरायला थोडेच दिवस होते. अलकनंदाला काय सांगायचं, ही जुळवाजुळव ती मनात करू लागली. 'तब्येत बरी नाही' हे त्यातल्या त्यात सभ्य वाटत होतं.

रविवारी संघाची सभा भरली तेव्हा ओसरी गच्च झाली होती. पर्यावरणासाठी इतकी गर्दी पूर्वी कधी झाली नव्हती. सगळे गाईची गोष्ट ऐकून आले होते. पद्मनाभराव मुरलेले वक्ते. त्यांनी चूक आपल्या घरात घडली हे कबूल केलं, ती कशी तातडीने सुधारली तेही सांगितलं, आणि एका फडक्यात किती झाडं वाचतात या नेहमीच्या वळणावर भाषण आणून सोडलं. टाळ्या येणार, इतक्यात मुदलियारांची बायको उभी राहिली. ती पाण्याच्या रांगेतली रणरागिणी होती आणि तिला माइक लागत नसे.

"सर, कागद नको, कबूल. पण एवढी फडकी रोज धुवायची कुणी? आम्हा बायकांना तेवढंच काम आहे का? तुमच्या घरी कोण धुतं, ते सांगा."

अंबुजा कॉफीचं तबक घेऊन दारात उभी होती. नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. मग समोरच्या गर्दीकडे पाहिलं. पुढच्या रांगेतल्या बायका उत्तरासाठी टपून बसल्या होत्या. पद्मनाभरावांच्या आयुष्यात इतके श्रोते पुन्हा येणार नव्हते, आणि वक्त्याला अशा वेळी जे सुचतं तेच त्यांना सुचलं.

"मी," ते म्हणाले. "मी स्वतः धुतो. रोज सकाळी. अर्धा तास लागतो."

ओसरी दणाणली. बायकांनी आपापल्या नवऱ्यांकडे वळून पाहिलं, आणि नवऱ्यांनी अध्यक्षांकडे जन्माचं वैर असल्यासारखं पाहिलं. मुदलियारबाईंनी मात्र कपाळाला आठी घातली.

"आमचा मागचा सज्जा तुमच्या अंगणावरच आहे, सर. मी कधी पाहिलं नाही तुम्हाला."

तेव्हा दारातून आवाज आला. अंबुजा सभेत बोलली ती आयुष्यात पहिल्यांदा, आणि तबकातला एकही पेला हलला नाही.

"तुम्ही उठायच्या आधी उरकतात ते. उद्या थोडं उशिरा धुतील. सहाला सज्ज्यात या, दिसतील."

सभा संपल्यावर पद्मनाभराव स्वयंपाकघरापर्यंत तिच्यामागे आले. "हें काय केलीस तूं?"

"तुम्हींच म्हणालांत. मी तुमाला खोटं पाडूं काय, चार माणसांत?"

याचं उत्तर त्यांनी रात्रभर शोधलं असावं, पण सहाच्या ठोक्याला ते अंघोळ करून, ओला पंचा नेसून, धुण्याच्या दगडासमोर उभे होते, कारण समोरच्या सज्ज्यात मुदलियारबाई होत्या, त्यांची बहीण होती, आणि बाजूच्या घरातली आणखी दोन डोकी होती. अंबुजा फडकी घेऊन आली.

"देवाचं कोणतं, उष्ट्याचं कोणतं, नीट दाखवितें. हें पहा, हें जें—"

"मला दाखवितेंस?" वर ऐकू जाणार नाही अशा बेताने पद्मनाभराव कडाडले. "मडी मला शिकवितेंस? या घरांत मडी काय, मैली काय, हें जन्मभर कोण सांगत आला? मी! ठेव तिथें आणि आंत जा."

ती ठेवून आत गेली. अर्ध्या तासात ते कपाळाचा घाम पुसत परत आले. अंबुजाला वाटलं, अर्धीच धुतली असतील. पण फडकी सगळी धुतलेली होती, पिळलेली होती, आणि बाहेर मुदलियारबाई टाळ्या वाजवत होत्या.

असा तो नेम सुरू झाला. एकदा बायकांनी पाहिलं म्हणजे रोज पाहणार, हे अध्यक्षांना कळून चुकलं होतं. आधी ते चडफडत उठायचे. मग गल्लीतल्या बायका त्यांना वाटेत थांबवून नमस्कार करू लागल्या, आणि एका घरातून तर सकाळची फिल्टर कॉफी थेट दगडापाशी आली. मग ते चडफडेनासे झाले. आठवड्याभरात त्यांना आपण हे काम नेहमीच करत होतो असं वाटू लागलं आणि महिन्याभरात तशी आठवणही येऊ लागली. फडकी वाळली की दुपारी तेच काढून घडी घालत आणि वेताच्या पेटीत ठेवत. "तूं शाळेंतून येतेंस, बसमध्यें कोणाकोणाला शिवून येतेंस," त्यांनी अंबुजाला बजावलं. "पेटीला हात लावूं नको."

तिने लावला नाही. तिला वेळच नव्हता. पहाटे उठून ती स्वयंपाक करायची, आठच्या आत डबा घेऊन बस पकडायची. पद्मनाभराव मागाहून पूजा करून आपलं पान आपणच वाढून घेत आणि जागाही आपणच पुसत. रात्री तर इडली नाहीतर उपमा, ताटली हातात धरूनच, तेव्हा पुसण्याचा प्रश्न नव्हता. ओट्यासाठी सुनीती अजून अधूनमधून पिशवीतून एखादा वाकडा रोल आणायची. त्याचा उल्लेख पृथ्वीजवळ कुणी केला नाही.

आणि शाळा! पहिल्या दिवशी वर्गात पाऊल टाकण्यापूर्वी तिने पहिला धडा मनात दोनदा म्हटला होता. चाळीस तमिळ पोरी, हिंदीचा मनापासून तिटकारा असलेल्या. तिसऱ्या आठवड्यात त्यातलीच एक तिच्यामागे बसस्टॉपपर्यंत आली, पुल्लिंग-स्त्रीलिंग ओळखायची युक्ती पुन्हा विचारायला. अंबुजा त्या दिवशी बसमध्ये खिडकीपाशी बसून स्वतःशीच हसत घरी आली. हाताच्या चिरा बुजल्या होत्या. बोटांना आता खडूचा वास येत होता आणि तो तिला फार आवडायचा.

एकच कोडं तिला उलगडत नव्हतं. अर्ध्या तासात कसं होतं? तिला इतकी वर्षं जमलं नाही ते या माणसाला पहिल्या दिवशी कसं जमलं? पाणीही कमी लागत होतं. घागरी उरत होत्या. कधी कधी तिला वाटे, आपणच आळशी, आपल्याच कामाला उरक नव्हता. हा विचार फार बोचायचा.

सप्टेंबरात सहामाही परीक्षा लागल्या आणि शाळा दहाला भरू लागली. रविवारची सकाळ पाण्याच्या रांगेत जायची, तेव्हा त्या दिवशी पहिल्यांदाच अंबुजा उजाडल्यावरही घरात मोकळी होती. मागच्या दारात ती कॉफी घेऊन उभी राहिली. पद्मनाभरावांनी साबणाच्या पाण्याची एक बादली भरली. मग सहाही फडकी उचलली, देवाचं, ओट्याचं, उष्ट्याचं, भुईचं, मोरीचं, उंबऱ्याबाहेरचं, आणि एकदम बादलीत बुडवली. दोन्ही हातांनी घुसळली. पिळली. दुसऱ्या बादलीतून काढली. काठीने सगळीच्या सगळी छताच्या दांडीवर चढवली, अगदी उंच, बिनअंघोळीच्या कुणाचा हात लागू नये म्हणून. समोरच्या सज्ज्याकडे पाहून त्यांनी मान किंचित तुकवली आणि आत आले.

अंबुजाच्या हातातली कॉफी निवली. ती त्यांच्यामागे देवघराच्या दारापर्यंत गेली. त्यांनी वेताची पेटी उघडली, वरचं फडकं घेतलं, आणि शाळिग्राम तळहातावर धरून पुसू लागले. फडक्याच्या कडेला सांबाराच्या हळदीचा नखाएवढा पुसट डाग होता. हजारदा घासून तिला घालवता आला नव्हता तो. उष्ट्याचं फडकं. जूनपासून देवाच्या अंगाला उष्ट्याचं, नाहीतर मोरीचं, नाहीतर उंबऱ्याबाहेरचं, जे हाताला लागेल ते.

तिला पहिला झटका देवाच्या भीतीचा बसला. दुसरा रागाचा, आणि तो पहिल्याहून पुष्कळ मोठा होता. लग्न होऊन ती या घरात आली त्या मार्गळीत, म्हणजे आपल्या मार्गशीर्षात, पहाटेच्या गारठ्यात, तिने देवाचं फडकं चुकून ओट्याच्या पाण्यात बुडवलं होतं. उष्ट्याच्याही नव्हे, ओट्याच्या. सासूबाईंनी तिला तीनदा अंघोळ घातली होती आणि दिवसभर ओल्या लुगड्याने मागच्या अंगणात उपाशी बसवलं होतं. ती कुडकुडत होती तेव्हा हाच माणूस आतून येऊन म्हणाला होता, "आई सांगतें तें बरोबर आहे. फरक ओळखायला शीक." आणि ती शिकली होती. डोळे मिटून, नुसत्या बोटांनी ओळखण्याइतकं शिकली होती. त्याला मात्र काही ओळखता येत नव्हतं. कधीच येत नव्हतं. घरातलं एकही फडकं त्याने जन्मात हातात धरून पाहिलं नव्हतं, आणि तिचा जन्म त्याच्या नियमांत पाण्यात गेला होता.

शब्द अगदी ओठांवर आले. तिला माहीत होतं, एक वाक्य पुरेसं आहे. त्या एका वाक्याने त्यांचा चेहरा कसा पडेल, तेही तिला दिसत होतं, आणि तो पडलेला पाहायला तिने काहीही दिलं असतं. पण पुढचंही तिला स्वच्छ दिसत होतं. पुरोहित येईल, घर शुद्ध होईल, देवांना पंचगव्य मिळेल. वेष्टी फाडून नवी फडकी होतील. आणि "हें पुरुषांचं काम नव्हेच, अंबुजा, तुझ्याच हातांत तें शोभतें," असं म्हणत पद्मनाभराव ती तिच्या पुढ्यात ठेवतील. अकरा वाजेपर्यंतची. अलकनंदा दुसरी कुणी पाहील.

देवघरात समईची वात शांत जळत होती. शाळिग्राम नेहमीसारखाच काळा कुळकुळीत, तुकतुकीत दिसत होता. इतक्या महिन्यांत त्याने काही तक्रार केलेली नव्हती.

पद्मनाभरावांनी मागे वळून पाहिलं. "आज घरीं आहेस वाटतें? काय पाहतेंस एवढं? कांहीं चुकलें काय?"

"नाहीं," अंबुजा म्हणाली. "किती स्वच्छ निघालीं फडकी, तें पाहतें."

ते सुखावले. पळीने तीर्थ घेतलं आणि तिच्यापुढे केलं. "पाहिलीस नं? उगीच इतकीं वर्षें अकरा वाजवीत होतीस. मनांत भाव असला कीं मडी अर्ध्या तासांत होतें. तूंही शीक."

अंबुजाने उजवा हात पुढे केला. तीर्थ घेतलं, प्यायली, ओला हात डोळ्यांना आणि डोक्याला लावला.

"शिकलें," ती म्हणाली, आणि प्रश्नपत्रिकांची पिशवी खांद्याला अडकवून बस पकडायला निघाली.